पणजोबा कूटला, सुरा १९१८चा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घराचा माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक सुरा सापडला. मुठीला चार बोटं घालायला चार कड्या, प्रत्येक कडीवर बोथट टोक, मागच्या बाजूला शंकूसारखी टोपी, पातं दुधारी. मुठीवर ‘यू. एस. १९१८’ अशी अक्षरं. पणजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूट इथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले होते आणि हा सुरा त्यांनी तिथून आणला, असं घरात सगळे सांगतात. तुम्ही विचारलंय की सुरा अस्सल आहे का, असल्या विचित्र मुठीचं हत्यार वापरायचे कसे, आणि पितांबरीने लख्ख करून शोकेसमध्ये ठेवला तर चालेल का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण रविवार जवळ आलाय आणि तुमच्या घरी कुणीतरी हौसेने चिंच घेऊन बसेल. घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, ब्रासो नको, मीठ-लिंबू तर मुळीच नको. का, ते पुढे येईलच.

मी चोवीस वर्षं धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करतो आणि त्यातली निम्मी तरी हत्यारं असतात. या अनुभवावरून सांगतो, तुमच्या तीन प्रश्नांखाली खरा प्रश्न एकच आहे: घरात सांगितली जाणारी गोष्ट आणि हातातली वस्तू एकमेकींशी जुळतात का? फोटो न बघता मी छातीठोक काही सांगणार नाही. पण हा सुरा मुळात का घडला हे कळलं तर निम्मा उलगडा तुमचा तुम्हालाच होईल.

१९१४ साली शिपायाकडे हातघाईसाठी होती ती बंदुकीच्या तोंडाला चढवायची संगीन. फ्रेंच लेबेल बंदुकीची संगीन अर्ध्या मीटरहून लांब, सुईसारखी. ब्रिटिशांच्या १९०७ नमुन्याच्या संगिनीचं पातं १७ इंचांचं. ती ली-एनफिल्डवर चढवली की सगळं मिळून पाच फुटांच्या वर जायचं. ही लांबी मोकळ्या मैदानाच्या आणि समोरून येणाऱ्या घोडेस्वाराच्या हिशेबाने ठरलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्स-बेल्जियममधली आघाडी जमिनीत शिरली. खंदक सरळ खणत नसत. एक गोळा आत फुटला तर त्याच्या ठिकऱ्या लांबवर जाऊ नयेत म्हणून दर काही पावलांवर वळण असे. दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरून एकमेकांना ओलांडायची. चाळीच्या जिन्यातून पलंगाची लांब पट्टी कधी उतरवली असेल, तर पाच फुटी संगीन घेऊन त्या वळणांवर काय होत असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्यात रात्रीचे छापे सुरू झाले. समोर कुठली पलटण आहे हे कळायला जिवंत कैदी हवा असायचा. म्हणून पाच-पन्नास माणसं तोंडाला काजळी फासून, ओळखीची चिन्हं काढून ठेवून, काटेरी तारांखालून सरपटत समोरच्या खंदकात उतरायची. अगदी सुरुवातीच्या छाप्यांपैकी एक आपल्या ३९व्या गढवाल रायफल्सच्या जवानांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये घातला होता. अशा कामात लांब बंदूक अडचण करते आणि गोळी झाडली की सगळा खंदक जागा होतो. म्हणजे हवं होतं काहीतरी आखूड, आवाज न करणारं, हातातून न निसटणारं. तुमच्या सुऱ्याचा जन्म या गरजेतला.

पहिले सुरे कारखान्यात झालेच नाहीत, ते आघाडीमागच्या लोहारांनी केले. फ्रेंचांनी काटेरी तार ताणायच्या लोखंडी सळईचा एक तुकडा घेतला, एक टोक ठोकून अणकुचीदार केलं आणि दुसरं वाकवून त्याचीच मूठ केली. त्याला नाव पडलं ‘फ्रेंच खिळा’. मी असा एक हाताळला आहे. धार नाही, तोल नाही, मूठ हाताला रुतते. तो घडवणाऱ्याने एका रात्रीपुरताच विचार केला असावा. लेबेलच्या लांब संगिनी तोडूनही खंजीर झाले, आणि इटालियनांनी आपल्या जुन्या व्हेटर्ली संगिनींचं तेच केलं. पुढे फ्रान्समधल्या थिएर या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातून रीतसर सुरे येऊ लागले. त्यातल्या एकाच्या पात्यावर ‘१८७० चा सूड घेणारा’ अशी अक्षरं फ्रेंचमध्ये कोरलेली असत. प्रशियाकडून झालेला पराभव फ्रेंचांनी ४५ वर्षं मनात ठेवला होता, तो असा पात्यावर उतरला.

ब्रिटिश सरकारने या भानगडीत फारसं लक्ष घातलं नाही. अधिकारी पदरच्या पैशाने सुरे विकत घेत. डडलीच्या रॉबिन्स कारखान्याने ॲल्युमिनियमच्या ओतीव मुठीचे सुरे काढले, आणि त्यांच्या एका प्रकारात मूठ पात्याला आडवी आहे. आपल्या लोकांना तो दाखवला की हमखास कुणीतरी म्हणतं, “अहो, ही तर कट्यार!” उगम तोच आहे असा दावा मी करणार नाही, पण हिशेब तोच आहे. कट्यारीच्या दोन पट्ट्यांमधल्या आडव्या दांड्या मुठीत धरल्या की पातं मनगटाच्या रेषेत येतं आणि ठोसा मारल्यासारखा पूर्ण हाताचा जोर टोकावर जातो. अरुंद जागेत हात फिरवायला लागत नाही हा तिचा फायदा. तोटा असा की अशा हत्याराने दुसरं काहीच करता येत नाही. हा तोटा लक्षात ठेवा, तुमच्या सुऱ्याचं सगळं गाऱ्हाणं तेच आहे.

माझ्या मते या सगळ्यांत शहाणा सुरा जर्मनांचा. साधारण १५ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ, मुठीवर तिरप्या खाचा, छोटी आडवी पट्टी, लोखंडी म्यान, एवढंच. दिसायला स्वयंपाकघरातल्या सुरीचा थोरला भाऊ. पण चिखलाने माखलेल्या हाताने ती खाचांची मूठ धरून बघा, म्हणजे करणाऱ्याला काय कळलं होतं ते कळतं. याच सुरीने शिपाई पाव कापायचा, डबा उघडायचा, दोरी तोडायचा, बुटाला लागलेला चिखल खरवडायचा. माझ्या हाताखालून गेलेल्या जर्मन सुऱ्यांची पातं बहुतेक वेळा पुनःपुन्हा धार लावून झिजलेली असतात. फायटरवाल्या सुऱ्यांची पातं मात्र जवळपास कोरी निघतात. मला यातून जे कळायचं ते कळतं.

हो, ‘फायटर’. पेपरात मारामारीच्या बातम्यांत वाचतो ते बोटांत घालायचं लोखंडी फायटर. अमेरिकेने सुऱ्याची मूठ त्याचीच केली. त्यांचा पहिला नमुना १९१७चा: लाकडी मूठ, बोटांपुढे दातेरी पोलादी पट्टी, आणि पातं तीन धारांचं, म्हणजे छेद घेतला तर त्रिकोण दिसेल असं. ते फक्त भोसकायला. कापायचं म्हटलं तर सुतळीही कापता येत नाही, आणि आडवा ताण आला की पातं मोडतं. फ्रान्सला गेलेल्या अमेरिकन सैन्याने मग वेगवेगळे सुरे शेजारी ठेवून तपासले. त्यांचे निकष मला फार आवडतात. सरपटताना हा हातात ठेवता येईल का? हातात असताना बंदूक चालवता येईल का? समोरच्याने फटका मारला तर हातातून उडेल का? नुसत्या पात्याचा विचार न करता त्यांनी पूर्ण रात्रीचा विचार केला होता.

त्या तपासणीतून ठरला तो ‘मार्क १’, आणि वर्णनावरून तुमच्याकडचा त्याच घडणीचा आहे. मूठ ब्राँझची ओतीव. पातं पावणेसात इंचांचं, दुधारी, फ्रेंच सुऱ्यांच्या वळणाचं, म्हणजे १९१७ची चूक दुरुस्त झाली. चार बोटांना चार कड्या, त्यामुळे सुरा हातातून उडत नाही, आणि पंजा उघडला तरी बोटांवर टांगलेला राहतो. कड्यांवरची टोकं ठोशासाठी, शिवाय समोरच्याने आपली मूठ धरू नये म्हणूनही. मागची शंकूसारखी टोपी म्हणजे खरं तर चाकी, म्हणजे नट: पात्याचा मागचा दांडा मुठीतून आरपार जातो आणि ती त्याला घट्ट आवळते. ती डोक्यावर हाणायलाही होईल असं ठरवून तिला टोक दिलं. म्हणजे भोसका, ठोसा मारा, टोला हाणा, सगळं एकाच हत्यारात.

कागदावर उत्तम. आता हातात घेऊन बघा (घेताना पातं भिंतीकडे ठेवा). माझा हात मध्यम आकाराचा आहे, तरी अनामिका कडीत घालताना सांधा अडकतो. लोकरी हातमोजा घालून मी प्रयत्न केला तेव्हा करंगळी बाहेरच राहिली, आणि उत्तर फ्रान्सच्या हिवाळ्यात मोजे काढून कोण फिरणार! बरं, एकदा बोटं गेली की पकड बदलता येत नाही. सुरा उलटा धरायचा असेल तर आधी चारही बोटं बाहेर काढा. म्यानातून घाईत काढायचा तर अंधारात चार भोकं शोधा. हातात ठेवून बंदूक भरणं जिकिरीचं. आणि डबा उघडायला काढलात तर बोटांच्या कड्या मध्ये येतात. ज्या प्रश्नाचं उत्तर लाकडाच्या एका तुकड्याने आणि चार खाचांनी दिलं होतं, त्यासाठी अमेरिकनांनी अर्धा किलोच्या आसपास धातू ओतला, असं माझं आपलं मत. संग्राहक मंडळी यावर माझ्याशी भांडतात.

या सुऱ्यांनी प्रत्यक्षात किती लढाई झाली, तर फोटो आणि सिनेमे बघून वाटतं त्याच्या मानाने फारच कमी. ब्रिटिश वैद्यकीय नोंदींत संगिनीच्या जखमा हजारात जेमतेम तीन. निम्म्याहून जास्त जखमा तोफगोळ्यांच्या आणि उखळी तोफांच्या, बाकीच्या बहुतेक गोळ्यांच्या. अर्थात या नोंदी इस्पितळापर्यंत पोचलेल्यांच्या आहेत. खंदकात भोसकलेला माणूस तिथेच गेला तर तो या हिशेबात येत नाही. म्हणून आकडा थोडा कमी दिसत असेल, पण इतकाही नाही. छाप्यातलं खरं काम हातबाँबने, रिव्हॉल्वरने आणि लाकडी सोट्याने व्हायचं. सोट्याच्या डोक्यावर बुटाचे खिळे ठोकलेले असत. कड धारदार केलेलं खणायचं फावडंही चालायचं. गुरखा पलटणींची खुकरी होतीच, आणि ती तर मुळातच रोजच्या कामाचं अवजार.

शिवाय मार्क १ आघाडीवर पोहोचायला उशीर झाला. ११ नोव्हेंबर १९१८ला युद्ध थांबलं तेव्हा बरेच सुरे गोदामातच होते. ते बाहेर निघाले दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन रेंजर आणि पॅराशूट तुकड्यांसाठी. तेव्हाही तक्रारी त्याच आल्या, वर ब्राँझ महाग. म्हणून १९४३ मध्ये एम-३ आला: साधी चामड्याच्या चकत्यांची मूठ, पोलादी आडवी पट्टी, पातं तेवढंच पावणेसात इंचांचं. पंचवीस वर्षं फिरून ते जर्मन सुरीच्या पंगतीला येऊन बसले.

आता तुमच्या पणजोबांकडे येतो. हा भाग लिहिताना हात जरा आखडतो, कारण घरची गोष्ट मोडायला कुणाला आवडत नाही.

कूटचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. आत ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये, आणि तुर्कस्तानविरुद्ध तिने युद्ध पुकारलंच नाही. सुऱ्यावर साल आहे १९१८. म्हणजे कूटमध्ये हा सुरा असणं शक्य नाही. दुसरं असं की कूटचा शिपाई शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेला. वाळवंटातली ती पायपीट आणि तो छळ सोसून जे परत आले त्यांच्याजवळ हत्यार राहिलं असेल, हे मला पटत नाही.

पण म्हणून पणजोबांची गोष्ट खोटी ठरत नाही. ट्रंक त्यांची असेल आणि सुरा तीत नंतर ठेवला गेला असेल. जुन्या ट्रंकेत प्रत्येक पिढी काही ना काही टाकत असते, आणि पन्नास वर्षांनी सगळंच पणजोबांचं होऊन बसतं. मी विचारीन ते असं: १९४३ ते १९४७ च्या दरम्यान घरातलं कुणी मुंबईच्या गोदीत, रेल्वेत, एखाद्या लष्करी डेपोत किंवा देवळालीला होतं का? पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली अमेरिकन तुकडी ऑक्टोबर १९४३ च्या शेवटी मुंबईत उतरली आणि काही आठवडे देवळालीत राहिली. युद्ध संपल्यावर अमेरिकन सामान हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं. या वाटेने एखादा मार्क १ कोकणात पोचणं अगदी शक्य आहे. तो याच वाटेने आला असं मात्र मी म्हणत नाही.

तिसरी शक्यता कमी रोमँटिक आहे. मार्क १ च्या नकला भरपूर होतात, त्यातल्या बऱ्याच आपल्याच देशात, परदेशी शौकिनांसाठी. काकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात बाजारातून आणला आणि ट्रंकेत टाकला, असं निघालं तर मला नवल वाटणार नाही. ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा बघा. अस्सलात त्या नेटक्या असतात. नक्कल ही बहुधा अस्सलाचा साचा काढून ओतलेली, म्हणून अक्षरं साबणाच्या झिजलेल्या वडीवरच्या नावासारखी दिसतात. अमेरिकेत बनलेल्यांवर सालाच्या जवळ ‘एल. एफ. अँड सी.’ अशी कारखान्याची आद्याक्षरं बहुधा सापडतात, तर फ्रान्समध्ये बनलेल्यांच्या पात्यावर मुठीजवळ सिंहाचा छाप असतो. मूठ मुळात काळपट केलेली होती, त्यामुळे कड्यांच्या आतल्या सांदीत तो काळा थर शिल्लक आहे का ते भिंगाने बघा. सगळीकडे सारखंच पिवळंधमक पितळ दिसलं, किंवा पातं स्टेनलेस निघालं, तर प्रश्न मिटला. पातं मुठीत हलतंय का तेही बघा, पण टोपी फिरवून उघडायला जाऊ नका.

घासण्याला माझा विरोध का, ते आता कळलं असेल. तुम्ही पितांबरी लावाल तेव्हा पहिल्यांदा जाईल तो हाच काळा थर, म्हणजे तुमचा एकमेव साक्षीदार. नवशिका असताना मी एका ओळखीच्यांची संगीन बफिंगच्या चाकावर धरली होती. दहा मिनिटांत आरसा झाला. मालक खूश. पलटणीचा छोटा छाप कुठे होता तेही नंतर मला सापडेना. त्या संगिनीचा माझ्याकडे फोटोसुद्धा नाही.

करायचं ते एवढंच. सुती किंवा रबरी मोजे घालून मऊ ब्रशने धूळ काढा. पात्यावर लाल गंज असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून मऊ फडक्याने हलकेच पुसा. घासकागद लावू नका. मुठीवर तेल लावू नका. चामड्याच्या कशाशीही ठेवू नका, कारण तांब्याच्या मिश्रधातूला चामडं लागलं की हिरवा मेणचट थर येतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो चार महिन्यांत येतो. म्यान असेल तर वेगळं ठेवा. आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दिवाळीत एकदा उघडून बघा.

शोकेसचं म्हणाल तर आधी कायद्याचं बघा. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, तसा खंजिराचाही आहे. तुमचं पातं आखूड असलं तरी हत्यार दुधारी आणि उघडच मारायचं आहे, तेव्हा “साहेब, पावणेसातच इंच आहे” हा वाद चौकीवर घालायची वेळ आणू नका. स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी विचारा किंवा वकिलाला विचारा. तोवर ते घेऊन फिरू नका, कुरिअरने मला पाठवूही नका. मनाई आदेश लागू असला तर नुसतं गाडीत सापडणंही महागात पडेल. आणि परदेशातल्या भावाला द्यायचं मनात असेल तर सुरा अस्सल असल्यास तो शंभर वर्षांपलीकडचा आहे, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचाही विचार करावा लागेल.

आता माझी विनंती. सुऱ्याचे फोटो पाठवालच: मुठीच्या दोन्ही बाजू, टोपी, पात्याचा मुठीजवळचा भाग, सगळे दिवसाच्या तिरप्या उजेडात. पण त्याहून आधी ती ट्रंक पुन्हा उघडा आणि तळाचा कागद उचलून बघा. पदकं मिळाली तर त्यांच्या कडेवर बोट फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या गोल कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तिथे १०३, ११० किंवा ११७ दिसला तर कूटची गोष्ट खरी असण्याची शक्यता बरीच वाढते. १०५ दिसला तर पणजोबा वेढ्याच्या आत नव्हते, वेढा फोडायला गेलेल्या फौजेत असतील. नंबर मिळाला की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राला पत्र लिहा, आणि ती कडही घासू नका. नुसता फोटो काढा.